नऊ हजारांचं एस्प्रेसो मशीन : शिकायला जरूर घ्या, पण धंदा त्याच्या जिवावर मांडू नका



मागच्या व्हिडिओत मी घरगुती एस्प्रेसो मशीनवर कॉफी करून दाखवली. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच होता : "सर, हे मशीन घेऊन कॉफीचा स्टॉल टाकता येईल का?" विरारच्या एका ताईंनी तर सगळं ठरवूनच टाकलं होतं. साठ हजारांची एफडी मोडायची, नऊ हजारांचं मशीन घ्यायचं, उरलेल्या पैशांत टेबल, छत्री, बोर्ड आणि जागेचं डिपॉझिट. सकाळी स्टेशनकडे जाणाऱ्या लोकांना कॉफी विकायची. बँकेत जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला फोन केला.

मी त्यांना म्हटलं, "ताई, मशीन घ्या. एफडी मात्र महिनाभर राहू द्या."

असं का म्हटलं, ते आज हिशोबासकट सांगतो. व्हिडिओत आकडे पटकन निघून जातात, म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा.

आधी माझी चूक

माझं दुकान गिफ्ट आणि स्टेशनरीचं. काही वर्षांपूर्वी मलाही वाटलं होतं, काउंटरच्या कोपऱ्यात एक कॉफी मशीन ठेवू, येणारं गिऱ्हाईक कॉफीही घेईल. घरगुती मशीन आणलं. पहिले तीन आठवडे दिवसाला पाच-सहा कप जायचे. लोक खूश, मी खूश. घरी सांगितलं, "बघ, जोडधंदा सुरू झाला."

मग नाताळचा आठवडा आला. वसईत नाताळ म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर माणसं, दुकानात गर्दी. एका संध्याकाळी एकदम नऊ कपांची ऑर्डर आली. चौथ्या कपाला वाफेचा जोर गेला. पाचव्याला पंप नुसता घरघरला, पाणी येईना. पाच जणांचे पैसे परत दिले. त्याचं फार वाटलं नाही. पण मी मशीनशी झटापट करत असताना गिफ्ट घ्यायला आलेली दोन कुटुंबं वाट बघून निघून गेली. साठ रुपयांच्या कॉफीपायी माझा मूळ धंदा हातचा गेला.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिसवाल्याने वॉरंटी कार्ड उलटून दाखवलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं : फक्त घरगुती वापरासाठी. दुरुस्तीचे पैसे खिशातून गेले. त्याची चूक नव्हती. कार्ड मी वाचलंच नव्हतं.

मशीन नेमकं कशासाठी बनलं?

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यात धंद्याची गोष्ट आहे. इटलीत तुरिन शहरात आंजेलो मोरिओंदो यांनी १८८४ मध्ये वाफेवर कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते एका वेळी भरपूर कॉफी करायचं. पुढे १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी एकेक कप ताजा आणि झटपट काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १९३८ मध्ये आकिले गाज्जा यांनी जास्त दाबाच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि युद्धानंतर त्यांच्या मशीनमुळे कॉफीवर सोनेरी फेस दिसू लागला. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ मशीनने विजेचा पंप रुळवला.

यातून काय घ्यायचं? एस्प्रेसो मशीन मोठं झालं ते गर्दीच्या दुकानात. गिऱ्हाईक उभं आहे, त्याला लगेच ताजा कप हवा आहे, त्यासाठी ही सगळी धडपड. घरगुती स्वस्त मशीनमध्ये चव बऱ्यापैकी मिळते, पण नेमकी हीच गोष्ट कमी पडते : एकापाठोपाठ एक कप काढायची ताकद. घरी दोघं-तिघं असतात, तिथे चालतं. स्टेशनकडे धावणाऱ्या माणसासमोर चालत नाही.

खोक्यावरचे शब्द कसे वाचायचे?

दुकानात किंवा ऑनलाइन बघताना या पाच गोष्टी तपासा.

१. पंप आहे की नुसती वाफ? सगळ्यात स्वस्त मशीनमध्ये पंप नसतो. पाणी उकळून वाफेच्या दाबाने ते कॉफीतून ढकललं जातं. दाब साधारण साडेतीन ते पाच बार. कॉफी कडक होते, पण तिला खरा एस्प्रेसो म्हणता येत नाही. शिकायचं असेल तर पंपवालंच घ्या. आणि वाफेवालं घरी असेल तर एक लक्षात ठेवा : आतली वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. हात भाजेल.

२. "१५ बार", "२० बार". एस्प्रेसोला कॉफीच्या थरावर साधारण ९ बार दाब लागतो. खोक्यावरचा आकडा पंपाची जास्तीत जास्त ताकद सांगतो. २० बारची कॉफी १५ बारपेक्षा चांगली होते असं काही नाही. या आकड्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

३. जाळी एकेरी की दुहेरी? स्वस्त मशीनबरोबर बहुतेक वेळा दुहेरी तळाची जाळी येते. आतल्या तळाला बरीच भोकं, बाहेरच्या तळाला एकच बारीक भोक. त्या भोकातून कॉफी जोरात बाहेर पडते आणि पावडर शिळी असली तरी फेस दिसतो. सुरुवातीला सोयीची आहे. पण फेस दिसला म्हणजे आपल्याला जमलं, असं समजू नका. खरं शिकायला एकेरी जाळी आणि ताजी दळलेली कॉफी लागते. म्हणजे ग्राइंडरही आला. बजेट करताना तो धरा.

४. पंपाची विश्रांती. घरगुती मशीनमधले छोटे पंप सतत चालण्यासाठी नसतात. अशा पंपांवर बऱ्याचदा लिहिलेलंच असतं : दोन मिनिटं चालू, एक मिनिट बंद. जास्त ताणलं की तापून बंद पडतात. माझं तेच झालं होतं.

५. प्लग आणि वायर. हजार वॉटच्या आसपासचं मशीन आहे. जाड पिनचा सॉकेट वापरा. मोबाईल चार्जिंगच्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका.

आपल्याकडचं पाणी

हा मुद्दा परदेशातल्या व्हिडिओत तुम्हाला आपल्या परिस्थितीसारखा मिळणार नाही. वसई-विरार, नालासोपाऱ्यात कितीतरी सोसायट्यांमध्ये नळाचं पाणी, बोअरचं पाणी आणि टँकरचं पाणी असं सगळं एकाच टाकीत येतं. खाडीच्या बाजूला बोअरचं पाणी मचूळ लागतं. आंघोळीच्या गीझरमध्ये जो पांढरा थर बसतो, तोच या मशीनच्या बारीक नळ्यांमध्ये बसतो. गीझर मोठा असतो, तो सहन करतो. याची नळी काडीएवढी. आधी पाण्याची धार बारीक होते, मग कॉफी कोमट येते, मग मशीन बंद.

म्हणून टाकीचं पाणी थेट घालायचं नाही. फिल्टरचं पिण्याचं पाणी वापरा. टीडीएस मोजायचं छोटं मीटर स्वस्तात मिळतं. कॉफीसाठी १५० च्या आसपासचा आकडा चांगला समजतात. मात्र मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतं, पाणी किती जड आहे ते थेट सांगत नाही. त्यामुळे आकडा चांगला आला तरी सफाई चुकवू नका. रोज वापर असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी सफाईचं पाणी फिरवा. बरेच जण लिंबूसत्त्व वापरतात, एक लिटर पाण्याला साधारण २० ग्रॅम. पण आधी तुमच्या मशीनचं माहितीपत्रक वाचा, त्यात वेगळं सांगितलं असेल तर तेच करा. नंतर दोन टाक्या साधं पाणी सोडून द्या.

दूध फेसाळून झालं की वाफेची नळी लगेच ओल्या फडक्याने पुसा आणि एकदा वाफ सोडा. "नंतर करू" म्हटलं की दूध आत सुकतं. त्याचा वास गिऱ्हाइकाला आधी येतो, आपल्याला उशिरा.

आता हिशोब

हे दर मी उदाहरणासाठी धरलेत. तुम्ही तुमच्या भागातले दर घाला. एका कपुचिनोचा खर्च :

- कॉफी १५ ग्रॅम (किलो १,००० रुपये धरून) : १५ रुपये
- दूध १५० मिली (लिटर ७० रुपये धरून) : १०.५० रुपये
- साखर, वरून कोको पावडर : १.५० रुपये
- कागदी कप : ४ रुपये
- वीज : १ रुपया

झाले ३२ रुपये. बहुतेक जण इथे थांबतात आणि म्हणतात, "साठला विकला की २८ रुपये सुटले!" थांबा. दोन गोष्टी राहिल्या.

पहिली, वाया जाणारी कॉफी. रोज सकाळी दळण जुळवायला पहिले दोन शॉट फेकावे लागतात. ते ३० रुपये. दिवसाला १२ कप विकले तर प्रत्येक कपावर अडीच रुपये चढले.

दुसरी, मशीनची झीज. मशीन ९,०००, हातग्राइंडर ३,०००, एकूण १२,०००. धंद्याच्या वापरात हे १,५०० कप टिकलं असं धरलं, तर प्रत्येक कपावर ८ रुपये.

आता खरा खर्च झाला ४२.५० रुपये. साठला विकला तर उरले १७.५० रुपये. बारा कपांचे २१० रुपये. त्यातून जागेचं भाडं, दूध आणायचा वेळ आणि तुमची स्वतःची मजुरी काढायची आहे. सकाळचे तीन तास धरले तर तासाला ७० रुपये पडले, तेही भाडं न धरता.

"सर, मग जास्त कप विकू." बरोबर. पण मशीन देईल का? घड्याळ लावून बघू :

- दळणं, भरणं, दाबणं : ४० सेकंद
- शॉट पडणं : ३० सेकंद
- वाफ तयार व्हायची वाट : ४० सेकंद
- दूध फेसाळणं : ६० सेकंद
- ओतणं, झाकण, पैसे घेणं : ३० सेकंद
- नळी पुसणं, मशीन पुन्हा कॉफीच्या तापमानाला आणणं : ४० सेकंद

एकूण २४० सेकंद. म्हणजे चार मिनिटांना एक कप, तासाला १५. मधे पाणी भरा, खालचा ट्रे रिकामा करा, पंपाला विश्रांती द्या. १२ कप निघाले तरी खूप. आता विचार करा, सकाळी विरार स्टेशनकडे जाणारा माणूस घड्याळ बघत चाललाय. त्याच्या पुढे दोन जण उभे असतील तर त्याचा कप बाराव्या मिनिटाला येणार. तो थांबेल का? त्याची चर्चगेट लोकल थांबणार नाही, मग तोही थांबणार नाही. शेजारचा चहावाला तेवढ्या वेळात वीस कटिंग ओतून मोकळा होतो.

गर्दीत चालणाऱ्या कमर्शियल मशीनमध्ये कॉफीचं पाणी आणि वाफ एकाच वेळी तयार असतात. पण चांगलं नवं मशीन लाखाच्या पुढेच जातं आणि त्याला वीजजोडणीही तशी लागते. तो खर्च गिऱ्हाईक आधी तयार असेल तरच करायचा.

गिऱ्हाइकाच्या डोक्यातली "एक्स्प्रेसो"

आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये, प्रदर्शनात "एक्स्प्रेसो कॉफी"चा काउंटर असतो. इन्स्टंट कॉफी, साखर, दूध, वाफेचा फूर्रर आवाज, भरपूर फेस आणि वरून चॉकलेट पावडर. आपल्या बऱ्याच लोकांसाठी एक्स्प्रेसो म्हणजे ती. तिला हसू नका. ती लोकांना आवडते आणि वेगात निघते, हे धंद्यातलं मोठं शहाणपण आहे.

त्याच माणसाला तुम्ही ३० मिलीचा खरा एस्प्रेसो दिलात, तर तो कपात डोकावून विचारेल, "बाकीची कुठंय?" माझ्याकडे एका काकांनी अगदी हेच विचारलं होतं. म्हणून मेन्यू लिहिताना दुधाची, थोडी गोड कॉफी आधी ठेवा. ज्याला कडक हवी तो स्वतः मागेल.

मग मशीन घ्यायचं कशाला?

शिकायला. नऊ हजारांत जीभ तयार होते, हात तयार होतो, आणि आपल्याला हा धंदा खरंच झेपेल का ते कळतं. साठ हजार घालवून कळण्यापेक्षा हे स्वस्त आहे. तीस दिवसांचा अभ्यास असा करा.

पहिला आठवडा, फक्त काळी कॉफी. छोटा वजनकाटा घ्या. १५ ग्रॅम पावडर घाला, कपात ३० ग्रॅम कॉफी पडू द्या, वेळ २५ ते ३० सेकंद. लवकर पडली तर दळण बारीक करा, फार हळू पडली तर जाडसर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. हे दळण जुळवणं एकेरी जाळीवरच कळतं, दुहेरीवर नाही.

दुसरा आठवडा, दूध. साधारण ५५ ते ६५ अंशांपर्यंत गरम करायचं. भांड्याला हात लावून धरवेनासा झाला की वाफ बंद. टोन्ड आणि फुल क्रीम, दोन्ही पिशव्यांवर करून बघा. चव आणि खर्च दोन्ही लिहा.

तिसरा आठवडा, वेग. रविवारी घरच्यांना बसवा आणि सलग कप काढा. स्टॉपवॉच लावा. कितव्या कपाला मशीन थकतं? तोच तुमच्या धंद्याचा खरा आकडा. थकलं की थांबा, पंप जाळू नका.

चौथा आठवडा, विक्री. दहा कप पैसे घेऊन विका. फुकट दिलेल्या कॉफीला कोणी नाव ठेवत नाही. आणि "कशी झाली?" असं विचारू नका, सगळे "छान" म्हणतात. पुढच्या रविवारी तोच माणूस पुन्हा पैसे देतो का, एवढंच बघा. विक्रीआधी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या. घरून खाद्यपदार्थ विकायलाही ती लागते. फॉसकॉस पोर्टलवर अर्ज ऑनलाइन होतो. आणि जागा रस्त्यालगत असेल तर ती कोणाच्या हद्दीत आहे आणि परवानगी लेखी कोण देणार, हे डिपॉझिट देण्याआधी विचारा, नंतर नाही.

ताईंचं काय झालं?

त्यांनी घरखर्चातून वाचवलेल्या पैशांत मशीन घेतलं. एफडी मोडली नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला : "सर, सहाव्या कपाला वाफ जाते." मी म्हटलं, "अभिनंदन. हे तुम्हाला स्टेशनसमोर कळलं नाही, घरी कळलं."

आता त्या सोसायटीच्या ग्रुपवर शनिवारी रात्री ऑर्डर घेतात. रविवारी सकाळी आठ ते दहा, पंधरा-पंधरा मिनिटांची वेळ ठरवून, एका वेळेत तीनच कप. गर्दी होऊच देत नाहीत. भाडं शून्य. गेल्या रविवारी चौदा कप गेले. ऐंशी रुपयांना एक, वही त्यांनी मला दाखवली. त्यांचा धंदा मोठा झाला असं मी म्हणणार नाही. महिन्याला चार रविवार धरले तर दूध-कॉफीचा खर्च, वाया गेलेली कॉफी आणि मशीनची झीज काढून हातात दोन हजार राहतात. पण कोण पुन्हा येतं, कोणाला साखर कमी लागते, पावसात किती ऑर्डर गळतात, हे सगळं त्यांच्या वहीत आहे. उद्या त्या मोठं मशीन घ्यायला गेल्या, तर ती वही घेऊन जातील. आणि नाही घेतलं, तरी एफडी जागेवर आहे.

गृहपाठ

वर दिलेला हिशोब तुमच्या दरांनी पुन्हा करा. कॉफीऐवजी वडापाव, केक, मेंदी, शिलाई, काहीही असू दे. तीन आकडे काढा : झिजेसकट एका नगाचा खरा खर्च, एका तासात निघणारे नग, आणि पुन्हा आलेली गिऱ्हाइकं. हे तीन आकडे कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातले काही हिशोब आपण फळ्यावर सोडवू.

एफडी, दागिने, आईची बचत, यांना हात लावायच्या आधी हे तीन आकडे वहीत हवेत. एवढं एक माझं ऐका.